कर्करोगाची इमारत आणि तिच्यातील भाषा

१

अलेक्सांदर सोल्झेनित्सिन यांची 'कॅन्सर वॉर्ड' ही कादंबरी १९६८ मध्ये रशियाबाहेर प्रसिद्ध झाली. तिच्या मायभूमीत ती छापली जाण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात लेखकास १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९७४ मध्ये देशत्यागही घडला. या सर्व घटनांचा परिणाम असा झाला की, कादंबरीकडे पाहण्याची एक ठराविक दृष्टी रूढ झाली. कर्करोग म्हणजे स्टालिनची राजवट, रुग्णालय म्हणजे सोव्हिएत समाज आणि रोगी म्हणजे त्या समाजातील निरनिराळे वर्ग, असे समीकरण मांडावयाचे आणि मग एकेका पात्राची उकल करीत जावयाचे, ही ती दृष्टी होय. आपल्याकडील वर्गांतूनही ही कादंबरी बहुधा याच रीतीने शिकविली जाते.

या वाचनाने कादंबरीतील सर्वांत मोलाचा भाग हातून निसटतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. राज्यसंस्था या कादंबरीत रोगाचे रूप घेऊन येत नाही. ती रुग्णालयात अगदी साध्या, मोजता येण्यासारख्या वाटांनी शिरते : प्रवासाचा परवाना, खाटेची जागा, औषधाची कुपी आणि निदानाचा शब्द. एकाच रोगाने, एकाच छपराखाली, त्याच डॉक्टरांच्या हाताखाली असलेल्या माणसांचा शुश्रूषेचा अनुभव इतका भिन्न का होतो, हा या ग्रंथाचा खरा प्रश्न आहे. रूपकाच्या मागे लागलेल्या समीक्षकास तो ऐकूच येत नाही.

२

प्रथम शीर्षकाचा विचार करू. मूळ रशियन नाव 'राकोव्ही कोर्पुस' असे आहे. 'राक' या शब्दाचे रशियनमध्ये दोन अर्थ आहेत : नदीत सापडणारा, खेकड्याच्या जातीचा प्राणी आणि कर्करोग. ग्रीक 'कार्किनोस', लॅटिन 'कान्केर' आणि आपला 'कर्करोग' यांच्यामागे हीच कल्पना आहे. परंतु भाषेतील या शब्दांचे स्थान सारखे नाही. 'राक' हा रशियन माणसाच्या स्वयंपाकघरातील शब्द आहे. 'कर्करोग' हा मराठीत संस्कृतातून घडविलेला, वृत्तपत्रांत व पाठ्यपुस्तकांत वावरणारा शब्द आहे. बोलताना मराठी माणूस 'कॅन्सर' म्हणतो, किंवा तेही टाळून 'गाठ' म्हणतो. खेकडा आणि हा रोग यांचा संबंध त्याच्या मनात जागा होत नाही. तेव्हा रशियन वाचकास जो शब्द घरगुती आणि म्हणूनच अधिक भयानक वाटतो, तो आपल्यापर्यंत येताना परका आणि काहीसा शास्त्रीय होऊन येतो.

'कोर्पुस' हा दुसरा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. त्याचा येथील अर्थ 'वॉर्ड' असा नाही. खाटांच्या दालनास रशियनमध्ये 'पालाता' असा निराळा शब्द आहे. 'कोर्पुस' म्हणजे मोठ्या संस्थेच्या आवारातील एक स्वतंत्र इमारत. इंग्रजी शीर्षकाने आणि त्यावरून आलेल्या आपल्या उल्लेखांनी ही इमारत एका दालनाएवढी आकुंचित केली. हा फरक केवळ कोशातला नव्हे. दालन म्हटले की दृष्टी रोग्यांवर खिळते. इमारत म्हटले की तिच्यात प्रवेश कोणास मिळतो, जिन्यावर कोण पडून राहतो, दारातून कोणास बाहेर काढले जाते, हेही पाहावे लागते. कादंबरीचा आरंभच या इमारतीच्या क्रमांकाने होतो. तो क्रमांक तेरा आहे, आणि पक्षनिष्ठ, अंधश्रद्धेस तुच्छ मानणारा रुसानोव्ह त्या आकड्याने मनातून हादरतो.

३

कथेचा काळ १९५५ मधील वसंतारंभाच्या आगेमागचा, आणि स्थळ मध्य आशियातील एक शहर. शहराचे नाव लेखक घेत नाही, परंतु ते ताश्कंदवरून घेतले आहे हे उघड आहे. सोल्झेनित्सिन स्वतः आठ वर्षांच्या कैदेनंतर कझाकस्तानात हद्दपारीत असताना १९५४ मध्ये ताश्कंदच्या रुग्णालयात उपचार घेत होते. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या १२० व्या कलमाने मोफत वैद्यकीय मदतीचे आश्वासन दिले होते, आणि कादंबरीतील रुग्णालयात ते पाळले जाताना दिसते. कोणाकडूनही क्ष-किरणांचे पैसे मागितले जात नाहीत. डॉक्टर जाणते आहेत, कष्टाळू आहेत आणि बहुतेक प्रेमळही आहेत. म्हणजे, शुश्रूषेतील विषमतेचे जे कारण आपणास सर्वप्रथम सुचते, ते येथे लेखकाने आधीच दूर केले आहे. पैसा बाजूला काढल्यावरही विषमता उरते काय, आणि उरल्यास ती कोणत्या वाटेने येते, याची जणू परीक्षाच त्याने मांडली आहे.

पहिली वाट परवान्याची. ऑलेग कोस्तोग्लोतोव्ह हा हद्दपार कैदी आहे. उपचारासाठी शहरात यावयाचे तरी त्यास पोलीस कार्यालयाची अनुमती लागते, आणि त्या अनुमतीची वाट पाहण्यात रोग वाढत जातो. तो रुग्णालयात पोहोचतो तेव्हा जवळजवळ मरणोन्मुख असतो. खाट नाही म्हणून तो सरळ जमिनीवर आडवा होतो, आणि वेरा गांगार्त ही तरुण डॉक्टर त्यास दाखल करून घेते. याउलट पावेल रुसानोव्ह हा कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणारा अधिकारी. मॉस्कोस जाण्याएवढा अवधी उरला नाही म्हणून येथे यावे लागले, हाच त्यास अपमान वाटतो. त्याची पत्नी त्याच्यासाठी खास सोयी मिळविण्याची खटपट करते. ज्या माणसाने इतरांच्या आयुष्याच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्यास आता स्वतःच एका प्रश्नावलीतील नोंद व्हावे लागते. त्याची चीड रोगापेक्षाही या पदच्युतीची आहे.

दुसरी वाट औषधाची. वादिम हा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ कलिल स्वरूपातील किरणोत्सारी सोन्याची वाट पाहत असतो. ते सोने त्या रुग्णालयात नाही. त्याची आई मॉस्कोत ओळखी काढून, मोठमोठ्या लोकांचे उंबरठे झिजवून ते मिळविण्याची धडपड करते. ज्याची आई मॉस्कोत नाही, त्याने काय करावे? तो बर्चच्या झाडावरील बुरशीच्या काढ्याची चौकशी करतो, किंवा इसिक-कुल सरोवराकडील विषारी मुळी जवळ बाळगतो. गावठी औषधाकडे वळणाऱ्या रोग्यास अडाणी म्हणणे फार सोपे असते. रांगेत ज्याचा क्रमांकच येणार नाही, त्याने रांगेबाहेरचा मार्ग शोधावा, यात अज्ञानापेक्षा हिशेबच अधिक आहे, हे लेखक कोठेही उपदेश न करता दाखवितो.

तिसरी वाट खाटेची. निजामुद्दिन बाख्रामोविच या मुख्य डॉक्टरास खाटांची फिरती वाढवावयाची असते. म्हणून जे रोगी बरे होणार नाहीत त्यांना घरी पाठवावे, असा त्याचा आग्रह असतो, कारण मग मृत्यू रुग्णालयाच्या हिशेबात पडत नाही. येफ्रेम पोद्दुयेव्ह असाच बाहेर काढला जातो आणि घर न गाठता स्थानकावरच मरतो. आकड्यांच्या दृष्टीने रुग्णालयाची कामगिरी सुधारते. सिब्गातोव्ह नावाचा तातार तरुण मात्र जिन्याजवळच्या जागेत दीर्घकाळ राहतो. त्यास तेथे राहू देणे हा नियम नव्हे. ती दोन्त्सोवा या डॉक्टरबाईची दया आहे. शुश्रूषा हक्काने मिळते की दयेने मिळते, हा भेद रोग्याच्या बोलण्याचालण्यात उतरतो. सिब्गातोव्ह अत्यंत हळू आवाजात, सतत आभार मानीत बोलतो. रुसानोव्ह तक्रार करतो. कोस्तोग्लोतोव्ह प्रश्न विचारतो. तिघांच्या तीन वाक्यरचनांतच तिघांचे सामाजिक स्थान लिहिलेले आहे.

४

येथून आपण कादंबरीच्या गाभ्याशी येतो. तो गाभा म्हणजे ज्ञानाची वाटणी. परवाना, औषध, खाट यांप्रमाणेच निदानाचा शब्दही या इमारतीत सर्वांना सारखा मिळत नाही.

रुसानोव्ह पहिल्याच दिवशी विचारतो : हा कर्करोग तर नाही ना? या प्रश्नाची घडण पाहण्यासारखी आहे. त्यात अपेक्षित उत्तर आधीच घालून ठेवलेले आहे, आणि डॉक्टरही ते उत्तर देतात. विचारणारा माहिती मागत नाही, आश्वासन मागतो. अधिकारपदावर असताना त्याने जशी उत्तरे घ्यावयाची सवय लावून घेतली होती, तसेच उत्तर त्यास मिळते.

कोस्तोग्लोतोव्हचा प्रश्न निराळा आहे. झोया या शिकाऊ मुलीकडून तो विकृतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक मागून घेतो आणि स्वतःच्या रोगाचे प्रकरण वाचतो. आपणास देण्यात येणाऱ्या संप्रेरकाच्या सुया पौरुष हिरावून घेतील, हेही त्यास झोयाकडूनच कळते, ज्यांनी ती सुई लिहून दिली त्या डॉक्टरांकडून नव्हे. मग तो दोन्त्सोवाशी वाद घालतो : दुसऱ्या माणसाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार तुम्ही आपल्याकडे कसा घेता? हा वाद ग्रंथातील उत्कृष्ट वादांपैकी एक आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंस वजन आहे. दोन्त्सोवा खोटे बोलणारी स्त्री नाही. जीव वाचविणे हेच तिचे कर्तव्य आहे. परंतु ज्याच्या वतीने दहा वर्षे इतरांनीच निर्णय घेतले, त्याला 'तुझ्या हितासाठीच' हे शब्द छावणीतही ऐकू आलेले असतात. म्हणून डॉक्टरांचे मौन सर्व रोग्यांना सारखे लागत नाही. रुसानोव्हला ते सौजन्य वाटते, कोस्तोग्लोतोव्हला पहारा वाटतो. शब्द एकच, किंबहुना शब्दाचा अभाव एकच, पण ऐकणाऱ्याच्या पूर्वायुष्याने त्याचा अर्थ बदलतो. अर्थ हा केवळ उच्चारात नसतो, प्रसंगात असतो, या भाषाशास्त्रातील सिद्धांतास याहून विदारक उदाहरण मिळणे कठीण.

आणि प्रोश्का! या आनंदी पोरास शस्त्रक्रियेवाचून घरी जाऊ देतात, म्हणून तो हरखून गेलेला असतो. हातातील कागदावर काही परक्या अक्षरांत लिहिले आहे, ते तो कोस्तोग्लोतोव्हला वाचावयास देतो. हृदयाचे अर्बुद, शस्त्रक्रियेस अयोग्य, अशा अर्थाची ती लॅटिन नोंद असते. प्रोश्का आपल्या मृत्यूचे पत्र स्वतःच्या खिशात घालून हसत निघून जातो, आणि ज्यास ते वाचता आले त्यास ते सांगवत नाही. या प्रसंगात कोणी दुष्ट नाही. लॅटिन ही वैद्यकाची जुनी व्यवहारभाषा. ती गुप्ततेसाठी निर्माण झाली नव्हती. परंतु ज्या भाषेत एक बाजू वाचू शकते आणि दुसरी वाचू शकत नाही, ती आपोआपच कुलूप होऊन बसते. कागद रोग्याच्या हाती असला तरी किल्ली त्याच्याजवळ नसते.

याच्या उलट टोकास खुद्द दोन्त्सोवा उभी आहे. वर्षानुवर्षे क्ष-किरणांच्या सान्निध्यात राहून तिच्याच शरीरात रोग उद्भवतो. जिला सर्व काही वाचता येते, ती आता आपणास काही सांगू नका असे म्हणते. तेव्हा न जाणणे हे नेहमीच लादलेले असते असे नाही. प्रश्न असा की, ते निवडण्याचा अधिकार कोणास आहे? दोन्त्सोवा अज्ञान निवडू शकते, कारण ज्ञान तिच्या हाताशी आहे. शिवाय पुढील उपचारासाठी ती मॉस्कोस जाऊ शकते. प्रोश्काने काहीच निवडलेले नाही.

५

स्त्रियांच्या अनुभवाकडेही समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. या इमारतीत बरे करणारे हात बहुतांशी स्त्रियांचे आहेत. दोन्त्सोवा दिवसभर किरणांच्या खोलीत राबून बाहेर पडते ती दुकानांपुढील रांगेत उभी राहण्यासाठी, आणि घरी तिची वाट पाहत असतात स्वयंपाक व धुणे. रोग्यांची सेवा आणि घरची सेवा यांत तिची स्वतःची तपासणी मागे पडत जाते. ज्या समाजरचनेने रोग्यास मोफत उपचार दिले, तिने ते काही अंशी या स्त्रियांच्या शरीरातून वसूल केले, असे म्हणावयास हरकत नाही. आस्या या शाळकरी मुलीचा प्रसंग याच्याच शेजारी वाचावा. स्तन काढावा लागणार हे कळताच, आता आपणास जगण्याचे काही कारण उरले नाही, असे तिला वाटते. तिचे दुःख उथळ आहे असे वाटणाऱ्याने विचार करावा की, सतरा वर्षांच्या मुलीस स्वतःचे मोल कशाने मोजावयास शिकविले गेले होते.

६

आता या वाचनावर येणाऱ्या आक्षेपांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, रूपक कादंबरीतच आहे. माणूस गाठीने मरतो, तर छावण्या आणि हद्दपारी यांच्या गाठी पोटात घेऊन देश कसा जगेल, अशा आशयाचा विचार उत्तरार्धात एके ठिकाणी येतो. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो विचार इमारतीतील माणसाच्या मनात उद्भवतो. तो ग्रंथाचा सांगाडा नव्हे. १९६७ मध्ये सोव्हिएत लेखकसंघापुढे स्वतः सोल्झेनित्सिन यांनी शीर्षक प्रतीकात्मक नसून विषय अक्षरशः कर्करोग हाच आहे असे सांगितले होते. सूझन सोन्टॅग यांनी 'इलनेस ॲज मेटॅफर' या १९७८ च्या निबंधात त्या विधानाची सत्यता मान्य केली आणि या कादंबरीत कर्करोगाचा रूपक म्हणून वापर जवळजवळ नाहीच, असे नोंदविले.

सोन्टॅग यांचे साहाय्य येथे मोलाचे आहे, परंतु त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत जाता येत नाही. रोगावर लादलेली रूपके झाडून टाकली की रोगी भयातून आणि लाजेतून मोकळा होईल, असा त्यांचा विश्वास आहे. प्रोश्काच्या कागदावर मात्र कोणतेही रूपक नव्हते. तो अत्यंत शुद्ध, अलंकारहीन, शास्त्रीय भाषेत लिहिलेला होता, आणि तरीही तो क्रूर होता. भाषेतील अन्याय केवळ अलंकारात नसतो. कोणती भाषा कोणास अवगत आहे, या वाटणीतही तो असतो. सोन्टॅग यांना १९७५ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा त्यांच्याजवळ आरोग्यविमा नव्हता आणि मित्रांनी पैसा उभा केला, हे त्यांच्या चरित्रातून आपणास ठाऊक आहे. निबंधात या गोष्टीचा मागमूस नाही. खाजगी दुःख बाजूस ठेवण्याचा त्यांचा संयम आदरणीय आहे. परंतु त्या संयमाबरोबर पैसा, ओळख आणि प्रवेश यांचा प्रश्नही निबंधातून गळाला. सोल्झेनित्सिन यांच्या कादंबरीत तो गळलेला नाही, आणि म्हणून या विषयावर ती त्या निबंधाहून अधिक सांगते.

दुसरा आक्षेप खुद्द कादंबरीवर घ्यावयाचा आहे. या दालनात उझबेक व कझाक रोगी आहेत, परंतु त्यांच्या मनात लेखक क्वचितच शिरतो. ते तुटक रशियन बोलतात किंवा गप्प राहतात. अहमदजानला खरा आवाज मिळतो तो तो छावणीचा पहारेकरी होता हे उघड होण्यापुरता. ज्या भूमीवर ही इमारत उभी आहे तिची भाषा इमारतीत ऐकू येत नाही, आणि या मौनाचे लेखकास प्रोश्काच्या मौनाइतके नवल वाटलेले दिसत नाही. शुलुबिनची दीर्घ भाषणेही मधूनमधून प्रबंधाचे रूप घेतात. तथापि हे दोष दाखविताना जी कसोटी आपण वापरतो, ती याच कादंबरीने आपल्या हाती दिलेली आहे, हे विसरू नये.

७

मराठीच्या अभ्यासकास या सर्वाचे काय? मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज तेथे विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतचे रोगी येतात. त्यांतील कित्येकांच्या उपचाराचे भवितव्य औषधाइतकेच राहण्याच्या जागेवर ठरते. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रोग्यांना आसरा देते, आणि ज्यांना जागा मिळत नाही त्यांचे बिऱ्हाड पदपथावर पडते. आपल्याकडे केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो, हे तर सर्वांच्या परिचयाचे आहे. गावाकडून आलेला रोगी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून, घडी न मोडता बाळगतो आणि प्रत्येक दारात पुढे करतो. तो प्रोश्काच आहे. घरातील शिकलेला मुलगा किंवा पुतण्या तो वाचतो आणि आईला 'साधी गाठ आहे' असे सांगतो. हे मौन प्रेमाचे असते, यात शंका नाही. परंतु आईच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे गेला, आणि ती लिहिता-वाचता येणारी, कमावती असती तर तो तसाच गेला असता काय, हे प्रेम म्हणून विचारावयाचे सोडून देता येणार नाही.

या क्षेत्रात भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास करण्यासारखे पुष्कळ आहे. निदान सांगताना मराठीत कोणती क्रियापदे वापरली जातात, कर्ता कोठे गाळला जातो, 'तुम्ही' आणि 'पेशंट' यांत संबोधन कसे हेलकावे खाते, अनुमतीच्या कागदावरील मराठी कोणाच्या बोलीशी जुळते, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात बसून मिळणारी नाहीत. साहित्याच्या विद्यार्थ्यानेही या कादंबरीकडे रूपकाची किल्ली घेऊन न जाता, दार कोणास उघडते हे पाहण्यासाठी जावे.

अखेरच्या प्रकरणांत कोस्तोग्लोतोव्ह रुग्णालयातून सुटून शहराच्या प्राणिसंग्रहालयात जातो. एका रिकाम्या पिंजऱ्यावर पाटी असते : एका दुष्ट माणसाने डोळ्यांत तंबाखू फेकल्यामुळे येथील माकड आंधळे झाले. तो थबकतो. शत्रूचा हस्तक नाही, साम्राज्यवादी नाही, नुसता 'दुष्ट माणूस'. आयुष्यभर सरकारी शब्दांत वाढलेल्या माणसास इतका साधा शब्द जाहीर पाटीवर पाहून अचंबा वाटतो. जे घडले ते, ज्यास समजावयास हवे त्यास समजेल अशा शब्दांत लिहिले जाणे, ही त्या समाजात नवलाची गोष्ट होती. माकडाविषयी लिहिताना कोणास तरी ते साधले. इमारत क्रमांक तेरामधील माणसाविषयी लिहिताना ते साधले नव्हते. आपल्या केसपेपरच्या बाबतीत ते किती साधले आहे, याचा शोध घेणे हे आपल्या विभागाचे काम आहे.